पेकानच्या बागेत ‘सोड’ कोण म्हणालं

या धाग्यावर मी चार-पाच वर्षं येतोय, पण आजवर फक्त टिंगल करायला. जुन्या सभासदांना आठवत असेल... कुणाला घाटात पांढऱ्या साडीतली बाई दिसली की खाली माझा प्रतिसाद ठरलेला, "गाडीची काच पुसा." कुणाला आजोबांचा खोकला ऐकू आला की मी लिहायचो, "पाइप तपासून घ्या." माझा पेशाच तसा आहे. मी ॲरिझोनात, चँडलरला राहतो आणि इन्फ्रारेड सेन्सरवर काम करतो. उष्णता किती लांबून दिसते आणि नसलेली गोष्ट दिसल्यासारखी का वाटते, यावरच माझं पोट चालतं. त्यामुळे "मला दिसलं" असं कुणी म्हटलं की मी हसतो. अजूनही हसेन.

पण मला काही दिसलं नाही. मला ऐकू आलं.

ज्यांना रक्ताचं वाचवत नाही त्यांनी इथेच थांबावं. आणि कृपया शांती, नारायण नागबळी वगैरे सुचवू नका, माझ्या आईचं ते सगळं सुचवून झालंय.

तर... मी मूळचा कोल्हापूरचा. कॉलेजात एनसीसीत होतो, तिथे नेमबाजीचा नाद लागला आणि अमेरिकेत आल्यावर तो वाढला. मिलिंद नागपूरचा. आम्ही दोघं एकाच वर्षी, एकाच कंपनीत, शेजारच्या क्युबिकलमध्ये लागलो आणि सतरा वर्षं झाली तरी एकमेकांचं डोकं खातोय. रायफल घ्यायला त्याला मीच लावलं. त्याची बायको रश्मी तेव्हापासून मला "शिकारी भावोजी" म्हणते, आणि त्यात कौतुक कमी असतं.

टेक्सासात प्रधानकाका आहेत (नाव बदललंय, गावाचंही सांगत नाही, ते अजून तिथेच राहतात). मिलिंदच्या वडिलांचे जुने मित्र. सत्तरच्या दशकात आलेले सर्जन. रिटायर झाल्यावर गोल्फ खेळायचं सोडून साठ एकर पेकानची बाग घेऊन बसले. पेकान म्हणजे आपल्या अक्रोडाचा चुलतभाऊ समजा. बाग सुंदर आहे, मागच्या भागातून एक ओढा जातो, आणि त्या ओढ्यातून रानडुकरं येतात. तिकडे डुकरं म्हणजे रोगच आहे. एका रात्रीत अर्धा एकर नांगरल्यासारखा उकरून ठेवतात, पडलेली पेकान खातात, कोवळ्या झाडांची मुळं चावतात. तिथे स्वतःच्या जमिनीवर, रात्री, नाइट व्हिजन लावून ती मारायला कायद्याची आडकाठी नाही. उलट शेजारी दुवा देतात.

त्यातल्या एका वराहाला काकांनी सरपंच नाव ठेवलं होतं. एक कान फाटलेला, खांद्याशी म्हशीएवढा रुंद, आणि आपल्याच मालकीची बाग असल्यासारखा फिरायचा. त्या सप्टेंबरात सरपंचाने काकांच्या कुत्र्याला, ब्रूनोला, पोटापासून छातीपर्यंत फाडलं. काकांनी त्याला किचनच्या टेबलावर घेतलं आणि दोन तास शिवत बसले. चाळीस वर्षं माणसं शिवलेला हात. कुत्रं पहाटे गेलं. काकांनी मिलिंदला फोन केला आणि एवढंच म्हणाले, "तुम्ही दोघं या."

मग सुरू झाली आमची खरेदी. रायफल होती, माझी तीनशेआठ कॅलिबरची, तिच्यावर चांगली दुर्बीण होती. प्रश्न होता रात्रीचा. रात्रीसाठी वेगळी दुर्बीण लावली की दिवसाचा नेम पुन्हा बसवावा लागतो. त्यापेक्षा क्लिप-ऑन बरं. दिवसाची दुर्बीण जागेवर तशीच ठेवायची आणि तिच्या तोंडाला पुढून हे यंत्र अडकवायचं. त्यात दोन जाती आहेत. एक उजेड वाढवणारी, चांदण्याचा उजेड हजारपट करून दाखवते. त्यात पान दिसतं, कुंपणाची तार दिसते, जनावराचा डोळा दिसतो. दुसरी थर्मल, ती उष्णता दाखवते. गरम ते पांढरं, गार ते काळं. गवतात लपलेलं डुक्करही तिच्यातून सुटत नाही, पण दिसतो तो एक पांढरा गोळा.

मिलिंद पहिल्या दिवसापासून उजेडवालीच्या बाजूने होता. त्याच्याकडे तशी हातात धरायची छोटी दुर्बीण आधीपासून होतीच.

"अव्या, मला काय आहे ते दिसलं पाहिजे बे," तो म्हणाला. "गाय आहे का डुक्कर आहे का काकाच आहेत. तुझ्या त्या पांढऱ्या गोळ्याला चेहरा कुठे आहे?"

मी त्याला उडवून लावलं. बावीस ओळींची स्प्रेडशीट केली... रेंज, रिझोल्युशन, बॅटरी, वजन, धक्का सोसायची ताकद. दीड महिना रोज जेवणाच्या सुट्टीत तेच. आणि शेवटी थर्मल घेतलं, कारण थर्मल हा माझा विषय होता आणि माझ्या विषयात मला कुणी शिकवलेलं चालत नाही. मिलिंद म्हणाला, "ठीक आहे, इंजिनिअर तू." हे वाक्य त्याने चिडून म्हटलं असतं तर बरं झालं असतं. तो हसत म्हणाला.

नेम मी नीट तपासला, हे सांगायला हवं. पुठ्ठ्यावर हात गरम करायच्या पुड्या चिकटवल्या, कारण थर्मलला कागदी टार्गेट दिसत नाही. आधी दिवसाच्या दुर्बिणीने पाच गोळ्या, मग क्लिप-ऑन लावून पाच. शंभर यार्डांवर अर्ध्या इंचाचाही फरक नव्हता. एकच खोट होती. क्लिप-ऑनच्या मागे दिवसाची दुर्बीण सहापटीच्या वर नेली की चित्राचे चौकोन पडतात, जास्त मोठं केलं की कमी कळतं. हे स्प्रेडशीटमध्ये मी स्वतः लाल अक्षरांत लिहिलं होतं.

नोव्हेंबरात एका शुक्रवारी आम्ही पोचलो. चौदा तास ड्राइव्ह केलं. काकूंनी भाकरी आणि ठेचा केला होता, मिलिंदसाठी वेगळा जास्त तिखट.

पहिल्या रात्री आम्ही एकमेकांच्या शेजारीच होतो, मी रायफलवर आणि तो त्याच्या दुर्बिणीतून बघत. तरी वॉकीटॉकीची सवय व्हावी म्हणून कानात इअरपीस घालून बोलत होतो, आणि अर्थात मराठीत. मिलिंद म्हणाला, इथे मराठी म्हणजे एन्क्रिप्शनच आहे. पहिलं डुक्कर आलं. मी विचारलं, "सोडू काय?" आमच्याकडे गोळी सोडतात. तो म्हणाला, "सोड." मी सोडली. जागच्या जागी आडवं झालं.

तासाभराने एक मोठी मादी आली. मी पुन्हा विचारलं, "सोडू काय?" तो म्हणाला, "सोड बे, सोड." मी सोडली.

त्याला म्हणायचं होतं, जाऊ दे. त्याच्या दुर्बिणीत तिच्या पायांत घोटाळणारी पिल्लं दिसत होती. माझ्या थर्मलमध्ये ती गवतात तिच्या पोटाशी मिसळून गेली होती. गोळी मणक्यात लागली. मागचं धड मेलं आणि पुढचे दोन पाय पळत राहिले. ती जे ओरडली ते ज्याने ऐकलंय त्यालाच कळेल. बाई ओरडते तशी. आम्ही धावलो तेव्हा ती गोल गोल स्वतःला ओढत होती, पिल्लं मागे, आणि तिच्या तोंडातून रक्ताचा फेस. मिलिंदने पिस्तुलाने तिला संपवलं, दोन गोळ्या लागल्या. नंतर तो मला एवढंच म्हणाला की तुमच्या कोल्हापुरात सोड म्हणजे मारून टाक असतं का. मी उलट चिडलो.

सकाळी काकांना सांगितलं तर ते आधी हसले आणि मग एकदम गंभीर झाले. ऑपरेशन थिएटरमध्ये दोन अर्थांचा शब्द चालत नाही, म्हणाले. त्यांनी पांढरी चिकटपट्टी घेतली, तिच्यावर पेनाने लिहिलं, मार / नको. ती माझ्या रायफलच्या दस्त्यावर, गाल टेकतो तिथे चिकटवली. सोड हा शब्द त्या बागेत बंद. आम्ही दोघांनी शहाण्या मुलांसारखी मान डोलावली.

शनिवारी सरपंचासाठी बसायचं होतं. ओढ्याच्या पलीकडच्या काठाला एक लाकडी मचाण आहे, मिलिंद तिथे. मी त्याच बाजूला, साधारण दोनशे यार्डांवर, एका उंचवट्यावर, तिपाईवर रायफल ठेवून. नियम साधा... मिलिंदने मचाणावरून उतरायचं नाही. उतरायचं असेल तर रेडिओवर सांगायचं आणि मी "ठीक" म्हटल्याशिवाय हलायचं नाही. मचाणाच्या डावीकडच्या झाडांच्या तीन ओळींतच मी गोळी झाडणार. हे आम्ही एकमेकांकडून दोनदा वदवून घेतलं.

साडेआठला सरपंच आला. फाटलेल्या कानामुळे त्याची आकृती थर्मलमध्येही ओळखता येत होती. पण तो झाडांच्या आडून गेला आणि नेम मिळाला नाही. नंतर जवळजवळ तासभर काहीच नाही. थंडी पडली होती. मला त्याचा राग यायला लागला, खरंच, माणसाचा यावा तसा. ब्रूनोचं शिवलेलं पोट डोळ्यांसमोर येत होतं.

मग तिसऱ्या ओळीत, उंच गवताच्या मागे, पांढरं काहीतरी हललं. खालचं अर्धं गवतात, वर पाठीचं मोठं कुबड, मान पुढे झुकलेली. हळूहळू माझ्या दिशेने येत होतं. अंतर एकशेचाळीस यार्ड. नीट दिसावं म्हणून मी दुर्बीण सहावरून दहावर नेली. चौकोन पडले. त्या चौकोनांत कान शोधत बसलो.

मी रेडिओचं बटण दाबलं आणि हळूच विचारलं, "मिल्या, सोडू काय?"

गाल चिकटपट्टीवर टेकलेला असताना मी तोच शब्द वापरला. सतरा वर्षांची सवय, दुसरं काय.

दोन-तीन सेकंद काही नाही. मग इअरपीसमध्ये मिलिंदचा आवाज आला, शांत, झोपेतून उठल्यासारखा. "सोड."

मी सोडली.

गोळी लागल्याचा एक आवाज असतो, ओली चादर दगडावर आपटावी तसा. तो आला. मग डुकराची किंकाळी यायला हवी होती. त्याऐवजी त्या गवतातून माझं नाव आलं. "अव्या." ओरडून नाही, आश्चर्य वाटल्यासारखं. आणि मग तो किंचाळायला लागला.

मी कसा पळालो आठवत नाही. रायफल तिपाईसकट आडवी पडली. मिलिंद पाठीवर पडला होता, पाठीला त्याची मोठी सॅक अडकवलेली, म्हणजे मला दिसलेलं ते कुबड. गोळी डाव्या दंडाच्या वर, खांद्याला लागूनच घुसली होती आणि हाड घेऊन बाहेर पडली होती. हात कातड्याने लोंबत होता. रक्त वाहत नव्हतं, उडत होतं... ठोक्याबरोबर, माझ्या चेहऱ्यावर, तोंडात. आवळायचा पट्टा माझ्या खिशात होता पण जखम इतकी वर होती की आवळायला जागाच नाही. मी उजवी मूठ त्या खड्ड्यात घातली. अक्षरशः घातली. तुटलेल्या हाडाच्या कडा माझ्या बोटांना कापत होत्या. मूठ एका बाजूला जोरात दाबली तेव्हा उडायचं थांबलं.

डाव्या हाताने काकांना फोन लावला आणि स्पीकरवर टाकून त्याच्या छातीवर ठेवला. काका एकही जास्तीचा शब्द बोलले नाहीत. कुठे लागलं विचारलं, काकूंना घरच्या फोनवरून नाइन-वन-वन लावायला सांगितलं आणि मला म्हणाले, "दाब ठेव. तुझा हात तुटला तरी काढू नकोस. मी निघालो." मधल्या ओढ्याला पाणी होतं, त्यामुळे त्यांना पिकअप घेऊन बाहेरच्या रस्त्याने, मागच्या फाटकातून यावं लागणार होतं. वीस मिनिटं तरी.

मिलिंद आधी ओरडत होता. मग रश्मीचं नाव घेत होता. मग थांबला. डोळे अर्धे उघडे, बुबुळं वर गेलेली. छाती हलत होती म्हणून जिवंत.

आणि माझ्या इअरपीसमध्ये तो म्हणाला, "सोड."

मी त्याच्या तोंडाकडे बघत होतो. टॉर्च माझ्या डाव्या हातात होती, उजेड बरोबर त्याच्या ओठांवर. ओठ हलले नाहीत.

"सोड रे अव्या. सोड आता." अगदी त्याचा आवाज, तो ऑफिसात मला मीटिंगमधून ओढून नेताना वापरतो तो, प्रेमाचा. मी खांदा हलवून, डोकं झटकून इअरपीस काढून टाकला. तो गवतात पडला आणि गवतातून बारीक आवाज येत राहिला. सोड. सोड. मी वेड्यासारखा ओरडत होतो, नाही सोडणार, नाही सोडणार.

फोनवरून काका म्हणाले, "त्याला बोलू दे. बोलतोय म्हणजे शुद्धीवर आहे."

हे वाक्य मी रोज आठवतो. काकांनाही ऐकू येत होतं. आणि मिलिंद शुद्धीवर नव्हता.

मी काकांना तसं सांगितलं नाही. सांगायला तोंड उघडलं असतं तर मी रडलो असतो आणि हात हलला असता. किती वेळ गेला माहीत नाही. माझी मूठ बधिर झाली, दंडात गोळे यायला लागले. तेव्हा माझ्या मागून, अगदी खांद्याजवळून, काका म्हणाले, "सोड. मी धरतो."

काय सांगू तुम्हाला, माझा जीव भांड्यात पडला. मी हात खरोखर सैल केला. एक ठोका रक्त उडालं. आणि त्याच क्षणी समोर, लांब फाटकाजवळ, मला पिकअपचे दिवे दिसले. काका साखळी उघडायला खाली उतरत होते, फोनमधून ती साखळी वाजलेली ऐकू आली. ते अर्धा मैल लांब होते.

मी मूठ परत दाबली. मागे वळून बघितलं नाही. भीती वाटली म्हणून नाही बघितलं, हे लिहायला मला लाज वाटत नाही. मागे कुणीतरी श्वास घेत होतं, माझ्या मानेला तो लागत होता, आणि तो गार होता.

मग पिकअप आली, दार वाजलं, पावलं आली, आणि काका माझ्या शेजारी गुडघ्यावर बसले. हातमोजे घातलेले, बॅग उघडलेली. म्हणाले, "सोड. मी धरतो."

मी सोडलं नाही.

ते पुन्हा म्हणाले. मी नाही म्हटलं. त्यांनी माझं मनगट धरलं, मी त्यांना कोपराने ढकललं. एकोणऐंशी वर्षांचा माणूस गवतात मागे पडला. उठला. त्यांना आतली रक्तवाहिनी चिमट्यात धरायची होती आणि मी, मिलिंदचा सतरा वर्षांपासूनचा मित्र, मध्ये बसून त्याचा जीव घेत होतो. मला ते कळत होतं, आणि तरी त्या शब्दावर माझा हात उघडत नव्हता.

काकांनी माझ्या कानाखाली वाजवली. सर्जनचा हात, ओठ फाटला. मग दुसरी. "अविनाश, बाजूला हो," ते म्हणाले. त्या वाक्यात सोड नव्हता आणि गाल गरम झाला होता, म्हणजे हे खरे काका होते. मी बाजूला झालो.

हेलिकॉप्टर यायला आणखी अर्धा तास लागला. तोवर काकांनी चिमटे लावले होते. मी दहा फुटांवर बसून ओकत होतो. मधूनच ओढ्याच्या पलीकडून सरपंच जाताना दिसला, साध्या डोळ्यांना, दिव्यांच्या उजेडात. थांबला, आमच्याकडे बघितलं आणि निघून गेला. यात अमानवीय काही नाही, रक्ताच्या वासाला डुक्कर येतंच. फक्त सांगितलं.

मिलिंद वाचला. डावा हात खांद्यापासून काढावा लागला.

आता ज्यांना माझ्यासारखी काच पुसायची सवय आहे त्यांच्यासाठी. मिलिंद मचाणावरून का उतरला? त्याचा रेडिओ पट्ट्यातून निसटून खाली पडला आणि अंधारात सापडेना. फोन त्याने घरीच चार्जिंगला ठेवला होता, वरून मला हात करून काही उपयोग नाही, म्हणून तो सांगायला माझ्याकडे यायला निघाला. अव्या थर्मल घेऊन बसलाय, त्याला मी दिसेनच, असं त्याला वाटलं. हे त्याने मला सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी शेरीफच्या डेप्युटीला रेडिओ मचाणाखालीच सापडला, पालापाचोळ्यात, बंद. म्हणजे मी विचारलं तेव्हा त्याच्याकडे रेडिओच नव्हता. तिसरा सेट आम्ही आणलाच नव्हता. त्या चॅनलवर, त्या माळरानात, दुसरं कुणी मराठी बोलणारं असेल असं म्हणणाऱ्याला माझा नमस्कार.

माझ्या क्लिप-ऑनमध्ये रेकॉर्डिंग होतं, माइकसकट. ते मी आणि डेप्युटीने ऐकलं. माझा प्रश्न आहे. मग शांतता. मग गोळी. इअरपीस कानात होता, तेव्हा उत्तर माइकला ऐकू आलं नसेल, हे मलाही कळतं. पण पुढे यंत्र जमिनीवर पडून आकाशाचं चित्र घेत राहिलं, आणि त्यात लांबून आधी मिलिंदच्या किंकाळ्या आहेत, मग माझा आवाज... नाही सोडणार, नाही सोडणार. पिकअप आल्यावर काकाही पुसट ऐकू येतात. मिलिंद थांबल्यानंतर तिसरा आवाज कुणाचाच नाही. काका मात्र आजही शपथेवर सांगतात की त्यांनी फोनवर मिलिंदला बोलताना ऐकलं. काय बोलत होता विचारलं तर म्हणतात, ते सोड.

डेप्युटीने मला विचारलं, तुझ्या भाषेत त्या शब्दाचा अर्थ काय. मी म्हटलं, जाऊ दे. आणि गोळी झाड. आणि हातातलं टाकून दे. त्याने तिन्ही लिहून घेतले. शेवटी अपघात म्हणून नोंद झाली.

रश्मी माझ्याशी बोलत नाही. तिचं बरोबर आहे. मिलिंद बोलतो. गेल्या महिन्यात त्यांच्या घरी गेलो तेव्हा ती बाहेर होती, तो एका हाताने चहा करत होता आणि मला मदत करू देत नव्हता. मी त्याला हे सगळं पहिल्यांदा पूर्ण सांगितलं. आवाज, मागचा श्वास, काकांची थप्पड. त्याने सगळं ऐकून घेतलं. भुताची चेष्टा केली नाही, विश्वास ठेवतो असंही म्हणाला नाही. कप माझ्यापुढे ठेवला.

"मला एक सांग," तो म्हणाला. "तुला कोणीच उत्तर दिलं नसतं, तर तू काय केलं असतंस?"

मी म्हटलं, थांबलो असतो.

त्याने आपला कप उचलला. माझं बोट ट्रिगरवर आधीच अर्धं दाबलेलं होतं, ते मला आठवत होतं. तो आवाज कुणाचा होता ते मला माहीत नाही. आणि मी थांबलो असतो की नाही, तेही मला माहीत नाही.